वाचनकाकांचा भुसा

आमच्याकडे पुस्तकं बोलतात. म्हणजे माणसं ती मोठ्याने वाचतात, मी ते वाचन रेकॉर्ड करते, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते घरबसल्या ऐकतात. संस्थेची पाटी भलीमोठी आहे, काम मात्र मागच्या बाजूच्या एका खोलीत चालतं. तिथे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवायचे. आता भिंतींना जाड गाद्या ठोकल्या आहेत, खिडकी कायमची बंद केली आहे आणि वाचन चालू असताना पंखा लावायचा नाही असा नियम आहे. उन्हाळ्यात आत बसणारा माणूस घामाने निथळतो. काचेच्या अलीकडे मी बसते आणि माझ्याकडे पंखा आहे. त्यावरून वाचणारे मला टोमणे मारतात. मी ते ऐकून घेते, कारण ऐकण्याचाच मला पगार मिळतो.

वाचायला येणारे सगळे हौशी, बहुतेक निवृत्त. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला वाटतं की आपण रंगमंचावर उभे आहोत. पुस्तकात कोणी मेलं की हे गळा काढणार, कोणी हसलं की हे खिदळणार. मी टोकते. मग ते रुसतात आणि नव्याचे नऊ दिवस संपले की यायचे बंद होतात. वाचनकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचंही हेच होणार असं मी धरून चालले होते. पायात झिजलेल्या चपला, खिशाला दोन पेनं आणि हातात जेवणाचा डबा. कचेरीत कामावर यावं तसे आले होते.

“वाचनाचा काही अनुभव?” मी विचारलं.

“आयुष्यभर वाचतच आलोय,” ते म्हणाले. “फक्त आकडे होते.”

वीज कंपनीत ते मीटर वाचायचे. घरोघर जायचं, जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. सोबतचा माणूस तो लिहून घ्यायचा. त्यांचं वाचनही तसंच निघालं. आवाज गोड वगैरे अजिबात नव्हता, पण स्वच्छ होता, आणि त्यात ते स्वतःच्या पदरचं काही घालत नसत. पुस्तकातला माणूस फासावर जावो की बोहल्यावर चढो, काकांचा सूर तोच. मी पहिल्याच दिवशी ओळखलं की हा माणूस टिकणार.

त्यांची अट एकच होती. आत्मचरित्रं द्या, दुसरं काही नको. कारण विचारलं तर म्हणाले, “मीटरसाठी मी हजार घरांत गेलो असेन, पण जिन्याखालपर्यंतच. आतून भांडणाचा आवाज यायचा, कोणी गात असायचं, कोणी रडत असायचं. आपण आकडा घ्यायचा आणि पुढचं दार. ही पुस्तकवाली माणसं आतल्या खोलीपर्यंत नेतात. या म्हणतात, बसा म्हणतात.”

मग काय, आमच्या कपाटात होती नव्हती तेवढी आत्मचरित्रं काकांनी फस्त केली. सर्कशीतल्या विदूषकाचं, ज्याला उंचीची भीती वाटायची म्हणून तो जमिनीवर राहिला. तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं, ज्याने निवृत्तीनंतर घराच्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. बोटीवरच्या आचाऱ्याचं, एका शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं, कुलपं उघडण्यात हात बसलेल्या आणि पुढे कुलपं विकणाऱ्या चोराचं. एका न्यायाधीशांनी तर जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि त्यात बायकोचा उल्लेख एकदाच, तोही तिच्या आजारपणामुळे सुनावणी पुढे ढकलली म्हणून. काका ते पान वाचून थांबले आणि म्हणाले, “या बाईंनी लिहायला हवं होतं.”

इथेच माझ्यात आणि काकांच्यात पहिली ठिणगी पडली.

आमची पद्धत अशी आहे. वाचताना चूक झाली की वाचणाऱ्याने ‘चुकलं, पुन्हा घेतो’ एवढंच म्हणायचं आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचायचं. नंतर मी चुकलेला तुकडा कापते आणि दोन टोकं जोडते. बाकीचे वाचक एवढंच म्हणतात. काका मात्र ‘चुकलं’ आणि ‘पुन्हा घेतो’ यांच्यामध्ये संसार मांडायचे. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं की बाळंतपणाच्या कळा येत असताना त्यांना खिडकीतला चंद्र फार सुंदर दिसत होता. काका अडखळले आणि काचेतून माझ्याकडे पाहत म्हणाले, “चुकलं. बाई, हे काही मला पटत नाही. आमची आई म्हणायची, तेव्हा फक्त छत दिसतं. आमच्या छताला ओल होती, ती तिला माझ्या वेळेला घोड्यासारखी दिसली आणि बहिणीच्या वेळेला कढईसारखी. पुन्हा घेतो.”

मी काचेवर टकटक केली. “काका, मला हे सगळं कापावं लागतं.”

“कापा की,” ते म्हणाले. “कापणार आहात म्हणून तर बोलतो.”

पालथ्या घड्यावर पाणी. मी सांगून थकले आणि मग कात्री चालवत राहिले. रेकॉर्ड करताना काय आणि कापताना काय, पुस्तकाबाहेरच्या बोलण्यातले शब्द मी सहसा ऐकत नाही हे इथे सांगायला हवं. कुठून तोडायचं, कुठे सांधायचं, श्वास अर्धा राहिला का, एवढंच कान पाहतात. तोडलेले तुकडे नियमाप्रमाणे पुसून टाकायचे असतात. पण आमच्या आईकडे सुट्या बटणांचा डबा होता. त्यातलं एकही बटण कधी कोणत्या सदऱ्याला लागलं नाही, तरी तो डबा तिने मरेपर्यंत टाकला नाही. मी तिचीच लेक. सगळे तुकडे मी कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात टाकत गेले आणि त्या कोपऱ्याला ‘भुसा’ असं नाव दिलं. साहेब अधूनमधून म्हणायचे, “तो कचरा काढा, जागा अडतेय.” मी हो म्हणायचे आणि विसरायचे.

काकांना श्रोतेही मिळाले. त्यात एक आजी होत्या, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या. नजर गेली तरी फोनची सवय गेली नव्हती. त्या आठवड्यातून दोनदा तरी फोन करायच्या. त्यांनाही आत्मचरित्रंच हवी असत. “कादंबऱ्या नकोत गं,” म्हणायच्या, “खोट्या माणसांसाठी रडायला आता वेळ नाही.” एकदा सकाळीच फोन आला, “काल तुमच्या काकांना बाळंतपणात फार त्रास झाला हो.” मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं की डॉक्टरीणबाईंचं पुस्तक त्यांच्याकडे पोहोचलंय. आजींच्या लेखी काका स्वतःच आळीपाळीने विदूषक होते, तुरुंगाधिकारी होते, चोर होते आणि लेकुरवाळेही होते. मी हा निरोप काकांना दिला तेव्हा ते एवढे हसले की त्या दिवशीचं वाचन बंद करावं लागलं.

हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. ते मला आवडलं नाही.

खरं तर त्याआधीपासून कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आवाजाच्या रेषेत मला दिसत होतं. वाक्याच्या शेवटी त्यांचा आवाज विरायला लागला होता, कापडाचे दोरे सुटतात तसा. मी म्हटलं, दाखवून घ्या. ते म्हणाले, जुनं मीटर आहे, थोडी घरघर करायचंच. गोळ्या चघळत राहिले. शेवटी मी त्यांना सांगितलं की असा आवाज मी रेकॉर्ड करणार नाही, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तेव्हा कुठे गेले.

परत आले ते नेहमीसारखेच. डबा टेबलावर ठेवला, चष्मा पुसला.

“स्वरयंत्र काढायचं म्हणतात,” ते म्हणाले. “जीव वाचेल. आवाज नाही.”

“कधी?”

“पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. तोवर जपून वापरा म्हणालेत. म्हणजे थोडा शिल्लक आहे.”

मी पंखा बंद केला, का ते मलाही माहीत नाही.

हातात पुस्तक होतं एका पेट्रोलपंपवाल्या बाईंचं. नवरा अचानक गेला, पदरात दोन मुली, आणि हायवेवरचा पंप. दिरांनी पंपावर हक्क सांगितला. बाई वासावरून पेट्रोलमधली भेसळ ओळखायला शिकल्या, ट्रक ड्रायव्हरांशी त्यांच्याच भाषेत बोलायला शिकल्या आणि कोर्टात गेल्या. पुस्तक निम्म्यावर होतं. मी काकांना म्हटलं, “हे ठेवा बाजूला. दुसरं कोणी वाचेल. तुमच्याकडे आहे तेवढ्या आवाजात तुम्ही तुमचं बोला. मुलीसाठी, काकूंसाठी. पुढे ऐकायला काहीतरी राहू दे.”

“माझं काय बोलायचं?”

“एवढ्या लोकांची आयुष्यं वाचलीत, तुमचंही असेलच की एखादं.”

ते खुर्चीत बसले. लाल दिवा लागला. हा दिवा वाचणाऱ्याच्या नाकासमोरच असतो, मशीन चालू आहे हे त्याला कळावं म्हणून. काकांनी घसा साफ केला, समोर पाहिलं, मग मान खाली घालून टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं.

“पान कुठाय?” त्यांनी विचारलं.

“पान नाही काका. तोंडी बोला.”

“शाळा,” ते म्हणाले. “नोकरी. लग्न. मुलगी. पेन्शन. झालं.” आणि माझ्याकडे पाहिलं. “एका श्वासात संपलं बघा, बाई. उरला श्वास.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसवलं, तिसऱ्या दिवशीही. दर वेळी तेच. लाल दिवा लागला की तोंडाला कुलूप. मी चिडले. मी म्हटलं, एरवी माझ्या कात्रीला दम लागेपर्यंत बोलता आणि आता बोला म्हटलं तर मौन? ते शांतपणे म्हणाले, “दुसऱ्याचं ‘मी’ म्हणताना मला काही वाटत नाही. माझं म्हणायला गेलो की लाज वाटते. कोण ऐकणार, आणि का? त्यापेक्षा पंपाचं संपवतो. तिकडे पंप दिरांच्या ताब्यात आहे आणि मी इथे माझ्या शाळेच्या गोष्टी सांगत बसू?”

पंपाचे वाचून झालेले भाग मी आजींना पाठवत होते, त्यामुळे त्यांचाही रोज फोन येत होता. कोर्टाचा निकाल काय लागला एवढं तरी सांगा म्हणून. काकांनी मला ते सांगू दिलं नाही. क्रमाने ऐकू दे म्हणाले.

मी मनातून धुमसत होते. माणसाकडे मूठभर आवाज उरलेला, आणि तो हा एका अनोळखी बाईच्या पेट्रोलपंपावर उधळतोय. घरच्यांसाठी काय, तर ठणठणगोपाळ. शहाण्या माणसाने असं करावं का, असं मी आमच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “बाई, तुमचा चहा गार झाला.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुस्तक संपलं. आवाज खरवडून काढल्यासारखा येत होता, तरी एक शब्द त्यांनी गिळला नाही. निकाल बाईंच्या बाजूने लागला, पंप राहिला, धाकट्या मुलीने पहिल्यांदा गिऱ्हाइकाची टाकी भरली. शेवटचं वाक्य झालं आणि नेमका बाहेरच्या खोलीत फोन वाजला. आजीच असणार. मी उठून गेले. आजींना सांगितलं की पुस्तक पूर्ण झालंय, उरलेलं पाठवते. त्या म्हणाल्या, “काकांना सांगा, घसा सांभाळा.” त्यांना ऑपरेशनचं ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

परत आले तर काका डबा पिशवीत घालत होते. मशीन तसंच चालू राहिलं होतं, ते मी बंद केलं. शेवटचं वाक्य राखलं, पुढचं सगळं नेहमीप्रमाणे तोडून भुशात टाकलं, न ऐकता. त्या दिवशी मला त्यांचा आवाज पुन्हा ऐकवला नसता.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला पुढे एक छिद्र, त्यावर जाळीचा रुमाल. बोलणं बंद ते बंदच. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं, त्यातून येणारा आवाज ऐकून काकांनी ते परत केलं. मुलीने लहान मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि पेन आणून दिलं. त्यावर ते लिहायचे. अक्षर टपोरं होतं, मीटरच्या कार्डावर लिहून लिहून झालेलं.

महिन्याभराने काकू आमच्याकडे आल्या, एकट्या. एवढ्या वर्षांत त्यांनी या इमारतीची पायरी चढली नव्हती. बांध्याने लहान, बोलायला सडेतोड. काचेच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत उभ्या राहिल्या.

“इथे बसायचे?”

“हो.”

“पंखा नाही?”

“चालत नाही.”

“आणि घरी पंख्याचं बटण दाबायला मला हाक मारायचे,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

मी चहा मागवला. त्या मुद्द्यावर यायला वेळ घेणाऱ्यातल्या नव्हत्या. “त्यांचा आवाज हवाय,” म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, आवाज भरपूर आहे, कपाटभर पुस्तकं आहेत, हवी तेवढी देते. त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

“दोन ऐकली मी. मुलीने लावून दिली. एकात ते चोर आहेत आणि एकात त्यांना मूल होतंय. मला तो आवाज नकोय. तो लोकांचा झाला. आमच्या माणसाचा हवाय. घरात बोलायचा तसा. एवढंसं असलं तरी चालेल.”

“घरी काही रेकॉर्ड केलेलं नाही? फोनवर वगैरे?”

“कशाला करतोय आपण? माणूस घरात आहे म्हटल्यावर कोण करतं?” त्यांनी कप खाली ठेवला. “आणि मी काय केलं सांगू? ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हे घरी आले आणि बाहेरच्या खोलीत बसले. मी आत. यांनी हाक मारली, अगं, ऐकतेस का? मी गेले. काय म्हटलं तर म्हणे, काही नाही, उगाच. आत गेले, की पुन्हा हाक. पुन्हा काही नाही, उगाच. माझं दवाखान्याची पिशवी भरणं चाललेलं, डोकं ठिकाणावर नव्हतं. चौथ्यांदा का पाचव्यांदा मी ओरडलेच. म्हटलं, काय ते एकदाच सांगा, मला कामं आहेत. मग नाही मारली हाक. झोपलो. सकाळी गेलो दवाखान्यात. संपलं.”

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. पाणी तरी दिलं असतं. लग्न झाल्यापासून काकांनी काकूंना नावाने हाक मारलेली नव्हती, ‘अगं, ऐकतेस का’ हेच काकूंचं नाव होतं, असं त्या जाता जाता म्हणाल्या.

“बघा शोधून,” म्हणाल्या. “नसेल तर नाही.”

त्या गेल्यावर मला भुशाची आठवण झाली. नेमकं त्याच आठवड्यात साहेबांनी नवा माणूस लावून कॉम्प्युटर साफ करायला घेतला होता. मी धावतच गेले. भुसा अजून जागेवर होता. साफ करणाऱ्याने विचारलं, “बाई, हे काय आहे? पुसून टाकू?” मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला त्यावरून बोलावून घेतलं.

मग जेवणाच्या सुट्टीत मी भुसा ऐकायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कडा सोडून शब्द ऐकत होते. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या वाचकांचे तुकडे एकत्र होते. चुकलं पुन्हा घेतो, चुकलं पुन्हा घेतो, शिंका, पोटाचे आवाज, पानं उलटणं. त्यातून काकांचे निवडून वेगळे काढले.

विदूषकाच्या पुस्तकात ते अडखळले होते तिथे म्हणत होते, “मलाही शाळेत सगळे हसायचे, बाई. थोरल्या भावाची चड्डी, दोरीने बांधलेली. एकदा दोरी सुटली प्रार्थनेत. मी हात जोडलेलेच ठेवले, देवाला सोडायचं कसं? पुन्हा घेतो.” तुरुंगाधिकाऱ्याच्या पुस्तकात थोरला भाऊच भेटला. तो घरातून निघून गेला तो परत आलाच नाही, आणि मीटर वाचायला जाताना काका प्रत्येक घराच्या दारावरची पाटी वाचायचे, एखाद्या दारावर त्याचं नाव दिसेल म्हणून. “नोकरी सुटेपर्यंत वाचल्या पाट्या. म्हणून तर ही नोकरी धरली होती. नाहीतर मला दुकानात चांगली जागा मिळत होती. चुकलं. म्हणजे पुस्तकातलं चुकलं. पुन्हा घेतो.” हे ऐकून मी डबा बंद केला. हा माणूस मला सांगत होता की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

आचाऱ्याच्या पुस्तकात त्यांचं लग्न सापडलं. पाहायला गेले तेव्हा मुलीने पाहुण्यांसमोर वडिलांचा हिशोब चुकीचा आहे म्हणून सांगितलं, आणि काकांनी तिथेच ठरवलं. चोराच्या पुस्तकात मुलीचं तापाने फणफणणं होतं. न्यायाधीशाच्या पुस्तकात तर त्यांनी सलग बडबड केली होती, बायकोबद्दल. ती पदार्थ करते ते बेताचेच, पण जेवताना समोर बसते. चालताना नेहमी पुढे जाते आणि मग मागे वळून चिडते. माझं पेन्शन तिने आखलेल्या मार्गाने चालतं, मीही. “आणि हे महाशय म्हणतात सुनावणी पुढे ढकलली. मूर्ख माणूस. कापा हं, बाई. पुन्हा घेतो.”

मी ते सगळं जोडलं. ज्या क्रमाने ते बोलले त्या क्रमाने नाही, जगले त्या क्रमाने. आईचं ओलं छत आधी, मग शाळा, भाऊ, मीटर, लग्न, लेक. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक आणि वाचक सांगायची आमची रीत आहे. ती घोषणा मी स्वतःच्या आवाजात केली, लेखक आणि वाचक एकच आहेत असं म्हटलं. सगळ्यात शेवटी ठेवायला तो शेवटच्या दिवसाचा तुकडा उघडला, जो मी न ऐकता तोडला होता. तो ऐकला आणि जसाच्या तसा ठेवला. त्यातला खोकलासुद्धा कापला नाही.

काका आणि काकूंना मी संस्थेतच बोलावलं. काका नव्या सदऱ्यात आले होते. मी त्यांना काचेच्या अलीकडे, पंख्याखाली बसवलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘अखेर पंखा मिळाला.’ मग मी मशीन सुरू केलं.

आपला आवाज ऐकून ते आधी ताठ झाले. चड्डीच्या दोरीपाशी त्यांनी डोळे मिटून घेतले. काकू हसल्या आणि भावाच्या पाट्यांपाशी हसायच्या थांबल्या. “हे मला कधी सांगितलं नाहीत,” त्या म्हणाल्या. “आम्ही फिरायला गेलो की हे दारंच बघत चालायचे. मला वाटायचं मीटर बघतात.” काकांनी पाटी उचलली आणि माझ्याकडे धरली. ‘हे सगळं कापायचं होतं.’

“कापलंच होतं,” मी म्हटलं.

न्यायाधीशाचा भाग सुरू झाला तेव्हा काकू उठल्या. एवढं कौतुक त्यांना सोसेना बहुधा. कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेल्या, थर्मासमधला चहा ओतायला लागल्या, पाठ आमच्याकडे करून. दोन कप भरून झाले तरी त्या वळल्या नाहीत, तिसरा भरायला घेतला. मग शेवटचा तुकडा लागला.

आधी दार लागल्याचा आवाज, मी फोनला गेले तेव्हाचा. मग खुर्ची करकरली. मग काका, खरवडलेल्या आवाजात, हळूच. “बाई गेल्या वाटतं. दिवा चालूच आहे.” मग पुस्तक मिटल्याचा आवाज. “संपला पंप. उद्या आता… असो. आज घरी जाऊन हिला पाच-सहा वेळा हाक मारीन म्हणतो. उगाच. वैतागेल ती. वैतागू दे.” खोकला. मग वाचायला बसताना घ्यायचे तसा एक श्वास, आणि शब्द स्वच्छ यावेत म्हणून माइकच्या जवळ तोंड.

“अगं, ऐकतेस…” आवाज फाटला. “चुकलं. पुन्हा घेतो.”

“अगं, ऐकतेस का?”

“ऐकतेय हो,” काकू चहा ओतता ओतता म्हणाल्या. “काय ते एकदाच सांगा.”

आणि मग त्यांचा हात थांबला. थर्मास तसाच तिरका धरलेला, चहा बशीतून टेबलावर आला. त्या वळल्या. काका खुर्चीत बसले होते, ओठ मिटलेले, आणि खांदे हलत होते. हसत होते की रडत होते हे आवाजाशिवाय सांगता येत नाही. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, आधीचं पुसलं, टपोऱ्या अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ती काकूंकडे वळवून धरली.

‘काही नाही. उगाच.’